गुलाबी चावडी

"दशा, त्या पोपटाची चोच राहिली बघ!" सर्जेराव सरपंच खालून ओरडले.

"राहिली न्हाई सरपंच, राखून ठेवलीया. शेवटचा हात तिचाच," मी शिडीवरून म्हणालो आणि कानामागचा बारीक ब्रश काढला.

आमच्या पिंपळसोंडच्या चावडीला आठ सागवानी खांब. मधल्या चार खांबांच्या माथ्याला केळफुलं आणि पोपट कोरलेले. ते लाकूड पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी काळंभोर, गुळगुळीत झालेलं. तीन दिवसांत मी ते सगळं गुलाबी करून टाकलं होतं. खांब गुलाबी, केळफुलं पिवळी, पोपट हिरवेगार आणि खाली जोत्याला आकाशी पट्टा. माझं उभं आयुष्य ट्रॉल्यांवर नावं घालण्यात आणि निवडणुकीच्या भिंती रंगवण्यात गेलेलं. असलं काम हाताला कधी लागलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, शिडीवरून खाली बघताना छाती फुगत होती.

एकोणीस वर्षं झाली या गोष्टीला. पण तो गुरुवार मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाठ आहे.

झालं होतं असं. चावडीचं छप्पर गळत होतं, दोन वासे मोडले होते. बांधकाम खात्यानं तिला धोकादायक ठरवलं होतं, आणि तशी पाटीसुद्धा मीच रंगवून दिली होती. पंचायतीत ठराव झाला की मार्चपर्यंत दुरुस्तीला कुठून पैसा मिळाला तर ठीक, नाहीतर चावडी पाडायची आणि तिथं स्लॅबचे सहा गाळे काढायचे. ठरावाला सगळ्यांनी माना डोलावल्या, एक मालनअक्का सोडून.

मालनअक्का म्हणजे आमच्या गावची अंगणवाडीची बाई. चावडीच्या एका अंगाला तिची बावीस पोरं बसायची. पावसात त्यांना घेऊन ती या खांबापासून त्या खांबापर्यंत सरकत राहायची. ठरावाच्या कितीतरी आधी कुठूनतरी तिला कळलं होतं की लहान गावांतल्या जुन्या इमारती राखायला पुण्याची एक संस्था अनुदान देते. झालं, अक्का मागं लागली. तीन वर्षं अर्ज, उतारे, सह्या, फोटो. तालुक्याला खेटे घालून चपला झिजवल्या तिनं. गाव हसायचं. "अक्का, गळक्या कौलाला कोण पैसं देतंय?" मीही हसलोय, नाही कशाला म्हणू?

आणि तिसऱ्या वर्षी पत्र आलं! अर्ज पहिल्या फेरीत पास, येत्या गुरुवारी तज्ज्ञ मॅडम पाहणीला येणार. अक्का तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला पुण्यात होती. तिनं सरपंचांना फोन केला, "मी मॅडमच्या गाडीतूनच येते. चावडी तेवढी झाडून ठेवा."

"नुसती झाडून?" सरपंच मला म्हणाले. "दशा, पोरीला बघायला पाहुणे येणार म्हणल्यावर तिला जुन्यात उभी करतंय का कोण? नटवायला नको?"

"नको म्हणून कसं चालंल?" मी म्हणालो.

तर चोचीला लाल लावत होतो आणि तेवढ्यात पिंपळाखाली जीप थांबली. सरपंच हार-नारळ घेऊन धावले. आधी अक्का उतरली. मी शिडीवरूनच हात केला. तिनं वर बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. मला वाटलं, बाई हरखली.

मागून ओगले मॅडम उतरल्या. पस्तिशीच्या असतील. खादीचा कुडता, पायात बूट, गळ्यात कॅमेरा. सरपंचांनी हार पुढं केला, पण त्यांचं हाराकडं लक्षच नव्हतं. त्या सरळ चावडीची पायरी चढल्या आणि एका खांबाला बोट लावलं. बोट गुलाबी झालं.

"हे कधी केलंत?"

"आजच पुरं झालं बघा," सरपंच फुशारकीनं म्हणाले. "तीन दिवस राबलाय आमचा पेंटर. ऑइलपेंट हाय मॅडम, अस्सल. धा वरसं हलायचा न्हाई!"

"दहा वर्षं," मॅडम म्हणाल्या आणि जोत्यावर बसल्याच.

अक्काचा आवाज बारीक झाला होता. "सर्जेराव, मी फोनवर काय सांगितलं हुतं?"

"झाडून ठेवा म्हणालीस."

"मग?"

"झाडली की अक्का. आधी झाडली, मगच रंगवली."

कुणीतरी मागं खुदकन हसलं. अक्कानं वळून बघितलं आणि हसणं जागच्या जागी थांबलं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अगदी समजावून सांगितलं त्यांनी. "आम्ही पैसे देतो ते जुनं जुन्यासारखं राहावं म्हणून. छप्पर नीट करायचं, मोडलेला वासा बदलायचा. पण जे मूळचं आहे त्याला हात लावायचा नाही. या खांबांचे फोटो बघूनच आमच्या लोकांनी तुमचं गाव निवडलं होतं. सोमवारी समितीची शेवटची बैठक आहे. मी तिथं काय दाखवू? हा हिरवा पोपट?"

आता सगळे वर पोपटाकडं बघायला लागले. मीही बघितलं. मघापर्यंत काय देखणा दिसत होता! आता त्याच्याकडं बघवेना.

"मग काढू की रंग, हाय काय त्यात?" ज्ञानू सुतार पुढं झाला. "रंधा मारतो, दोन दिवसांत पांढरंधोप लाकूड देतो."

"रंधा मारलात तर नक्षीसकट जाईल ते."

"कॉस्टिक सोडा लावायचा मग," आणखी कुणीतरी म्हणालं.

"लाकूड जळेल." मॅडम उठल्या. "पेंटर कोण?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी शिडी उतरलो.

"मला एवढंच सांगा, रंगाच्या खाली काय केलंय? पॉलिशपेपरनं घासलं होतं? प्रायमर लावलं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत सरपंच मधे पडले. बिचारे माझी बाजूच घेत होते. "सगळं रीतसर झालंय मॅडम! पॉलिशपेपर मारून, वर दोन डबे प्रायमर. पंचायतीच्या पैशातनं आणलंय, बिल हाय माझ्याकडं. दशाचं काम म्हणजे चोख."

मॅडमच्या चेहऱ्यावरची उरलीसुरली आशाही मावळली. "घासून वर प्रायमर लावलंय म्हणजे ते लाकडात मुरलं. रंग काढला तरी ते निघणार नाही. संपलंच मग." त्यांनी वही मिटली. "मालनताई, मला फार वाईट वाटतंय. तुमची यात काही चूक नाही. पण मी अहवालात खोटं लिहू शकत नाही."

"न्हाई, खोटं कशाला लिहाल," अक्का म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझ्या पोरांचं नशीब. पाडू द्या. गाळ्यात अंगणवाडीला कोण जागा देतंय? बसवीन देवळामागं उघड्यावर."

तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी मान खाली घालून ऐकून घेतल्या असत्या.

आणि आता जे सांगतो ते त्या क्षणी त्या साऱ्या गावात मला एकट्यालाच ठाऊक होतं. प्रायमरचे ते दोन डबे माझ्या घरी खाटेखाली होते, झाकणसुद्धा न उघडलेले. पॉलिशपेपरचं कोरं बंडल त्यांच्यावर ठेवलेलं. पुढच्या महिन्यात पाटलाच्या बंगल्याचं काम मिळायचं होतं. हे डबे तिथं वापरायचे आणि त्याच्याकडून प्रायमरचे पैसे वेगळे घ्यायचे, असा माझा हिशोब. चावडीच्या खांबांवर मी थेट रंगच फासला होता. आणि तो धरत नव्हता, हेही मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. आमच्याकडं दर पाडव्याला बायका त्या खांबांना करडईचं तेल पाजतात, त्यामुळं लाकूड आतबाहेर तेलकट. तेलकट लाकडावर न घासता रंग लावला की तो नुसता वर बसून राहतो. म्हटलं, मॅडम येऊन जाईपर्यंत टिकला म्हणजे झालं. पुढचं पुढं.

हे बोललो तर चावडी कदाचित वाचत होती. पण बोलायचं कुणासमोर? अख्ख्या गावासमोर. बायकांच्या घोळक्यात माझी बायको, सुमन, उभी होती. पेंटरचा धंदा विश्वासावर चालतो. वरचा हात सगळ्यांना दिसतो, आतला हात मारला की नाही हे गिऱ्हाइकाला कळत नाही. तो मारलाच नाही म्हणून एकदा चारचौघांत कबूल केलं, तर उद्या मला कोण दारात उभं करणार? आणि पंचायतीचा माल घरी नेणाऱ्याला आमच्याकडं एकच शब्द आहे.

मॅडम पायरी उतरल्या. ड्रायव्हरनं जीपचं दार उघडलं.

"प्रायमर मारलेलं न्हाई," मी म्हणालो.

आवाज इतका बारीक निघाला की कुणी ऐकलंच नाही. मग मी ओरडलोच, "ओ मॅडम! थांबा! प्रायमर मारलेलंच न्हाई!"

"गप रे दशा," सरपंच म्हणाले. "बिल हाय की माझ्याकडं."

"बिल तुमच्याकडं हाय, डबे माझ्याकडं हायत. खाटंखाली. दोन्ही."

सरपंचांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सुमनकडं बघायची माझी छाती झाली नाही.

मॅडम मात्र पळत आल्या. "पॉलिशपेपर?"

"न्हाई मारला."

"एकदाही नाही?"

"न्हाई. बंडल पण घरीच हाय."

"अहो, मग मघाशी का नाही बोललात!" त्यांनी खांबाच्या कडेला नख घातलं आणि अलगद वर उचललं. रंगाचा बोटभर पापुद्रा निघून आला. खाली ते काळंभोर लाकूड, जसंच्या तसं. एक ओरखडासुद्धा नाही. अक्कानं पुढं होऊन त्या उघड्या जागेवर अंगठा ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"कुठला खांब कधी रंगवला?" मॅडमनी विचारलं.

"कडेचे चार परवा. हे मधले चार काल आणि आज. वल्लेच हायत अजून."

"मला मधलेच पाहिजेत. चारपर्यंत उजेड चांगला असतो. तोवर हे चार मोकळे झाले, तर मी फोटो घेईन आणि जे झालं ते सगळं लिहीन. टर्पेंटाइन किती आहे?"

"अर्धा डबा."

"मऊ सुती कापड लागेल, भरपूर. आणि नीट ऐका, खरवडायचं नाही, घासायचं नाही, पाणी लावायचं नाही. नुसतं टिपायचं."

सुमन घोळक्यातून निघाली आणि घराकडं गेली. मला वाटलं, तोंड लपवायला गेली. पाच-दहा मिनिटांत परत आली ती डोक्यावर दोन डबे आणि काखेत गाठोडं घेऊन. डबे तिनं सरपंचांच्या पायांशी ठेवले. "मोजून घ्या, दोन हायत. आनि ह्यो कागुद." मग गाठोडं सोडलं. तिची जुनी सुती लुगडी होती. माझ्याकडं न बघता तिनं पहिल्याचे टराटरा दोन तुकडे केले आणि एक माझ्या अंगावर फेकला.

मग काय विचारता! बायका घरोघरी जाऊन चिंध्या घेऊन आल्या. सरपंचांनी खांद्यावरचं पांढरंशुभ्र उपरणं फाडलं. ज्ञानू सुतार मोटारसायकलवरून तालुक्याला टर्पेंटाइन आणायला निघाला आणि निघताना ओरडला, "दशा, आनतो त्ये तरी वापर, खाटंखाली नगो ठिवूस!" लोक पोट धरून हसले. मला रडू येत होतं आणि हसूही. मी मुकाट्यानं फडकं भिजवलं आणि त्या पोपटाला लागलो.

रंग लावायला तीन दिवस गेले होते, चार खांब मोकळे करायला पाच तास. खांबांच्या सपाट अंगावरचा रंग सालीसारखा सुटत होता, पण नक्षीतला निघता निघेना. कोरलेल्या खाचांतून पिवळा-हिरवा चिखल व्हायचा. मॅडमनी गाडीतून कापसाच्या काड्यांचा डबा आणला. कान कोरायच्या त्या काड्या घेऊन सहा बायका शिड्यांवर चढल्या. कोण कुणाच्या बाजूचा, काही राहिलं नाही. ज्यांनी गाळ्यांसाठी माना डोलावल्या होत्या तेही खालून शिडी धरून उभे. "चोच ऱ्हायली बघ," सरपंच सवयीनं म्हणाले आणि जीभ चावली.

अक्का माझ्या शेजारच्या शिडीवर होती. दोन तास खाचांतला रंग टिपत होती. मग हातातली काडी न थांबवता म्हणाली, "चोर हाईस तू, दशरथ."

"हाय, अक्का."

"लबाडा, जन्मात एकदा काम चोख केलं असतंस तर आज माझी पोरं उघड्यावर आली असती रे!" असं म्हणाली आणि शिडीवरच हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी. "उतर खाली अक्का, पडशील," मी म्हणालो, तर म्हणते, "पडले तर तुझ्या अंगावर पडंन, दुसरीकडं कुठं न्हाई."

चारला दहा मिनिटं कमी असताना शेवटचं केळफूल मोकळं झालं. पश्चिमेचं ऊन चावडीत आलं होतं. मधले चार खांब काळे, तुकतुकीत, आणि दोन्ही कडांना माझे दोन-दोन गुलाबी खांब ध्यानासारखे उभे. मॅडमनी पन्नासेक फोटो काढले. गुलाबी खांबांचेही काढले.

"त्ये कशाला?" मी विचारलं.

"मी सगळं लिहिणार आहे. रंगवलं तेही आणि काढलं तेही," त्या म्हणाल्या. "उरलेले चार हळूहळू काढा. कसे काढायचे ते मी लिहून पाठवते. अनुदान मिळेल असं मी सांगत नाही. समितीच्या मनात काय येईल सांगता येत नाही. पण आता माझ्याकडं दाखवायला काहीतरी आहे." मग त्यांनी चहा घेतला, हारही घेतला आणि जीप गेली.

पुढच्या ग्रामसभेत माझी यथास्थित हजामत झाली. दंड बसला, तो मी भरला. पाटलाच्या बंगल्याचं काम दुसऱ्या गावच्या पेंटरला गेलं. ज्ञानूनं माझं नाव 'दशा प्रायमर' ठेवलं आणि ते चिकटलं ते कायमचं. लहान पोरंसुद्धा 'प्रायमरमामा' म्हणायची. सुमन महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. रोज संध्याकाळी मी चावडीत बसून त्या चार खांबांचा वाळलेला रंग टिपत होतो, मॅडमनी लिहून पाठवलं होतं तसा, तसूतसूनं. दीड महिना लागला. पण चावडी राहील की जाईल, हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं, आणि एकेकदा रात्री झोप लागायची नाही. गाळ्यांचा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लागलेला होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जाडजूड लिफाफा आला. अक्कानं तो फोडला नाही, थेट चावडीत घेऊन आली. दवंडी द्यायची गरजच पडली नाही, गाव आपोआप गोळा झालं. मी मागं खांबाला टेकून उभा होतो. अक्कानं चष्मा लावला, पहिलं पान वाचलं आणि नुसतं "मिळालं" एवढंच म्हणाली. मग जो गलका झाला, विचारू नका. सरपंचांनी तिच्या पायांना हात लावला. पोरं टाळ्या पिटायला लागली, कशासाठी ते त्यांना कुठं ठाऊक!

"थांबा, थांबा," अक्का म्हणाली. "मॅडमचा अहवाल जोडलाय संगं." ती पानं उलटत गेली. एका जागी थबकली. मग माझ्याकडं बघितलं आणि वाचायला लागली.

"पाहणीच्या दिवशी खांब नव्याने रंगवलेले आढळले. ही गंभीर चूक आहे. तथापि, गावातील रंगारी श्री. दशरथ मारुती लोहार यांनी स्वतःहून पुढे येऊन, स्वतःचे नुकसान होणार हे माहीत असताना, खरी माहिती दिली. त्यामुळे मूळ लाकूडकाम वाचले. अशी माणसे असलेल्या गावाच्या हाती ही इमारत सुरक्षित राहील, असे माझे मत आहे."

चोरीचा शब्द नव्हता त्यात. खाटेचा नव्हता, डब्यांचा नव्हता. गावाला सगळं ठाऊक होतं, तरी कुणी हसलं नाही. तीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं रंगवत आलो. कुणाचं ट्रॉलीवर, कुणाचं दुकानावर, कुणाचं लग्नाच्या भिंतीवर. माझं नाव, वडिलांच्या नावासकट, कुणीतरी बसून कागदावर लिहिलंय, हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. सुमन बायकांतून उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

अक्कानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "काय रे प्रायमर, परत वाचू का?"

"वाच," मी म्हणालो. "जरा मोठ्यानं वाच."